पितळी तपेल्यातला घोट

ज्येष्ठ शुद्ध २, बुधवार. सोनपेठ.

आज पुन्हा ठरवलं की इथून निघायचं, आणि पुन्हा राहिलो.

वही नवी आहे तर नाव लिहून ठेवतो. भुजंग, राहणार पेडगाव, सध्या राहणार जिथं भाकर मिळंल तिथं. परभणीला उर्दू मिडलपर्यंत शिकलो, मग पळालो. तंबूतल्या सिनेमावाल्याच्या पेट्या वाहिल्या, पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या गँगमध्ये गिट्टी टाकली, एका घोडेवाल्याबरोबर माळेगावची जत्रा केली. त्याचं एक शिंगरू होतं, पांढऱ्या कपाळाचं. त्याची गोष्ट लिहायची आहे, पण नंतर.

सध्या शिवाप्पाअण्णाच्या किराणा दुकानात पोती उचलतो. निघायचं म्हटलं तरी वाट नाही. गोदावरीकाठच्या गावांत पटकीची साथ लागली आहे. कुठल्याच वेशीत परक्याला घेत नाहीत. शेजारच्या गावानं रोगराई बाहेर घालवायचा मरीमायचा गाडा आपल्या शिवेवर आणून सोडला म्हणून काल चावडीपुढं भांडणं झाली.

अण्णाची आई चन्नबसम्मा, तिला सगळे अव्वा म्हणतात. ती रोज लिंगपूजा झाली की दगडी खलात अद्रक, मिरे, हिरवी मिरची, हळद कुटते, त्यात लिंबू पिळते, सैंधव आणि गुळाचा खडा घालते, आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक घोट देते. एवढासाच, पण पिणाऱ्याच्या कानातून धूर निघतो. अण्णा डोळे पुसत दुकान उघडतो. मी पीत नाही. मिरचीनं मला उचकी लागते आणि तोंड येतं.

"एवढा मुलूख हिंडलास अन् मिरचीला भितूस व्हय?" नीलम्मावैनी म्हणाल्या. अण्णाची बायको. मांडीवर तान्हा बसवंत होता, तोसुद्धा माझ्याकडं बघून हसला असं मला वाटलं.

परड्यात दोन झाडं लिंबांनी वाकली आहेत. लोक पटकीच्या भीतीनं लिंबं हुडकत फिरतात. माझ्या डोक्यात एक आलं आहे.

ज्येष्ठ शुद्ध ४, शुक्रवार.

अण्णानं होकार दिला. "कर बाबा. पन घोट मन, औषध मनू नको. लोकं येडे झालेत सध्या."

कुंभाराकडून बोळकी आणली. संक्रांतीची उरलेली, एका घोटाला बरोब्बर. वैनी म्हणाल्या, "भुजंगाचा घोट मनलं की कोन पियील रे? नागाचं ईख वाटंल." मी म्हटलं, नावातच झटका आहे.

अव्वा रोजच्या रोज ताजं करते आणि खलातून थेट चिनी मातीच्या वाटीत ओतते. उरलं तर टाकून देते! जुनी माणसं. बाजाराला पुरंल एवढं रोज कोण कुटत बसणार? आणि लोणचं मुरल्यावरच चांगलं लागतं, मग हे का नाही?

मोठं भांडं पाहिजे होतं. दुकानामागच्या खोलीत लग्नकार्यात आमटी करायचं पितळी तपेलं सापडलं. आतून पार कळाहीन. मळकट राखाडी पुट चढलेलं, मधे मधे पितळ डोकावत होतं. चिंच, मीठ आणि विटेची भुकटी घेऊन दुपारभर घासलं. पुट चिवट होतं, पण मीही हटलो नाही. आता आतून असं लखलखतंय की तोंड बघून भांग पाडावा. अव्वाला दाखवायला गेलो तर ती डोळे मिटून लिंग हातात घेऊन बसलेली. राहिलं.

ती सारखी विचारते, चांदभाई कल्हईवाला दिसला का, भांडी खोळंबलीत. तो कुठून येणार. लढाईमुळं कथील मिळेना, आणि मिळालं तरी त्याला वेशीत कोण घेतंय. मला वाटतं, हातात जोर असला की कल्हई लागतच नाही.

ज्येष्ठ शुद्ध ७, सोमवार.

काल बाजार होता. बाजार कसला, निम्माच भरला. पण माझ्यापुढं गर्दी! दोन दिवस मुरलेला घोट, वरून पोपटी झाक आलेली. मिरचीचा रंग उतरला असणार. चव जराशी जिभेला आवळणारी, असं पिणारे म्हणतात. मी गूळ वाढवला.

"पटकी लागंना व्हय रे यानं?" भाजीवाल्या दगडाबाईनं विचारलं.

अण्णाचं बोलणं आठवलं. पण माणसं कान टवकारून उभी होती. मी म्हणालो, "मावशी, ह्ये पोटात असल्यावर पटकी पोटात शिरंल कशी? जागाच न्हाई."

सगळे हसले आणि बोळकी पुढं आली.

दगडाबाई आज सकाळी दुकानावर आली, तोंड उतरलेलं. रात्री उलटी झाली म्हणे. मी म्हणालो, "आतलं वाईट भाईर पडलं. काम करायलंय ते." तिला पटलं. आणखी एक बोळकं घेऊन गेली.

वैनी दारातून ऐकत होत्या. "तू काहून पीत न्हाईस रं मग?"

"माझं तोंड आलंय."

"सोताच्या हाताचं सोता पीना झालाय, अन् लोकाला पाजायलाय." हसूनच म्हणाल्या. पण बसवंतला पदराखाली घेऊन आत गेल्या आणि बोळकं घेतलं नाही.

ज्येष्ठ शुद्ध ८, मंगळवार.

आज जे झालं ते कुणाला सांगितलेलं नाही.

लोखंडी पळी काल तपेल्यातच राहिली होती. सकाळी काढली तर बुडालेला भाग तांबडा! पुसला, घासला, जाईना. खाली लोखंड, वर तांबं.

पूर्णेच्या फलाटावर एक बैरागी भेटला होता. तो म्हणायचा, धातू झोपलेले असतात, वनस्पतीचा रस त्यांना जागं करतो. लोखंडाचं तांबं होतं आणि तांब्याचं सोनं. उर्दूच्या मास्तरांनीही कीमियागरांचा एक धडा शिकवला होता, तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होतो. आता पस्तावतोय.

लोखंडाचं तांबं झालं आहे. माझ्या हातून! पुढची पायरी तेवढी राहिली.

ज्येष्ठ शुद्ध १०, गुरुवार.

दोन दिवस खिळे बुडवतोय. गाडीचे, दाराचे, एक घोड्याच्या नालेचा. सगळे तांबडे होतात. गूळ कमी, मिरी जास्त, लिंबाची साल घालून पाहिली. सोनं अजून नाही. खिळे फडक्यात बांधून ठेवलेत, पूर्णेला जाऊन बैराग्याला दाखवायचे.

या नादात लिहायचं राहिलं : पटकी गावात आली. सुताराच्या आळीत दोघं गेले. परभणीहून डाक्टरची तुकडी आली आहे. विहिरींत लाल औषध टाकतात, सुई टोचतात. गावाबाहेर नदीच्या वाटेला छपऱ्या घातल्या. ज्याला उलटी-जुलाब होईल त्याला तिथं नेतात. आश्रुबा कोतवाल दोर बांधून पहाऱ्याला बसला आहे. आत गेलेलं माणूस ठरलेले दिवस भरल्याशिवाय बाहेर नाही, अशी सक्त ताकीद. "जित्तं भाईर आलेलं म्या आजून बगितलं न्हाई," आश्रुबा म्हणाला. लगेच जीभ चावली.

सुई टोचून घ्यायला अण्णा गेला, अव्वा गेली. वैनी नाही म्हणाल्या. सुईनं ताप येतो, तापानं दूध आटलं तर लेकरानं काय प्यावं? अण्णा चिडला, त्या रडल्या. मग मलाच हाक मारली.

"भुजंगा, तुजं ते पानी खरंच गुन देतं का रे? लेकराची आन घालून सांग."

मी तेव्हा खिळे पुसत होतो. म्हणालो, "वैनी, अमृत हाय. लोखंड बदलतंय, पटकीची काय कथा."

हे मी खरं समजूनच बोललो. हे इथं लिहून ठेवतो.

ज्येष्ठ शुद्ध ११, शुक्रवार.

सकाळी वैनींनी पूजा केली आणि दोन बोळकी प्याल्या. एक स्वतःसाठी, एक दुधातून बसवंताला गुण यावा म्हणून. नशिबानं त्या वेळी तो पिऊन झोपला होता. नशिबानं असं का लिहिलं कोण जाणे. पटकी झालेल्या आईचं दूध लेकराला बाधतं म्हणतात, म्हणून असेल.

थोड्या वेळात चुलीपुढंच वाकल्या. मग परड्यात. मग उभं राहता येईना. उलटी हिरवट. पोट धरून "अव्वा, अव्वा" म्हणत होत्या.

शेजारणीनं बघितलं आणि गल्लीत ओरड झाली. तुकडीचे शिपाई आले. अण्णा दारात आडवा उभा राहिला. "माज्या बायकोला पटकी न्हाई."

"सब यही बोलते," शिपाई म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या डोळ्यांत झोप होती.

बाजेवर घालून नेलं. वैनींनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं होतं. बसवंताकडं हात केला आणि स्वतःच मागं घेतला. "लेकरू जवळ आनू नका. शेळीचं दूध द्या, पानी घालून."

माझा घोट कमी पडला. एक दिवस आधी प्याल्या असत्या तर! अजून कडक करायला पाहिजे होता.

ज्येष्ठ शुद्ध १२, शनिवार. दुपार.

लेकरू रात्रभर रडलं. शेळीचं दूध ओकून टाकतं. अण्णा त्याला घेऊन घरभर फिरतो. छपरीत काल आणखी दोघं गेले, त्यातली एक बाई वैनींच्या शेजारच्याच बाजेवर होती.

मी सकाळी तपेल्याच्या तळाचा, सगळ्यात मुरलेला रस शिशीत भरला, बोळकं घेतलं आणि आश्रुबाला गाठून दिलं. "वैनीला पाज. पुन्यं लागंल." तो बरं म्हणाला.

परत आलो तर अव्वा दुकानामागच्या खोलीत. पाणी उकळून प्या असा हुकूम आहे, म्हणून ती मोठं भांडं शोधत होती. तपेल्यात वाकून बघत होती.

"पोरा, ह्याची कल्हई कुटं गेली?"

"कसली कल्हई? मळ होता अव्वा. म्या घासून काढला."

तिनं आत हात घातला. बोट कडेवरून फिरवलं. बोटाला हिरवं लागलं. वास घेतला.

"ह्यात लिंबू ठिवलास?"

"व्हय."

"किती दिस?"

मी बोटांवर मोजू लागलो.

अव्वा मटकन खाली बसली. "आरं मुडद्या, पितळंत आंबट ठिवलं की कळकतंय. ईख व्हतंय त्येचं. तेवढ्यासाठी तर कल्हई असती. पोरीला पटकी न्हाई झाली. पोरीला तू घातलंस."

मला आधी शिशीच आठवली.

मी पळालो. वाटेत वेशीजवळ पूर्णेकडं निघालेली एक बैलगाडी उभी होती, गाडीवान पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होता. खिळ्यांचं गाठोडं माझ्या कमरेलाच होतं. मी थांबलो. किती वेळ ते माहीत नाही, पण थांबलो. मग नदीच्या वाटेला लागलो.

दोराशी पोचलो तर आश्रुबा म्हणाला, "दिली की शिशी, कव्हाच."

छपरीच्या तोंडाशी वैनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यात बोळकं भरलेलं. दोराच्या आत जाता येईना. मी बोंब मारली. "वैनी, पिऊ नका! पिऊ नका ते!"

त्यांनी मान वर केली. ओठ फुटले होते. "न्हाई पिले आजून. हितलं पानी लाल. ते लिंगाला कसं घालू? पूजा झाल्याबिगर तोंडात काय घालत न्हाई म्या." दम घेतला. "काहून रं? अमृत हाय मनला व्हतास."

"ईख हाय ते, वैनी."

त्यांनी बोळक्यात वाकून बघितलं. मग बोळकं उचललं आणि हळूच मातीत उपडं केलं. 

शनिवारच, दिवेलागण.

अण्णाला सांगितलं. त्यानं लेकरू अव्वाकडं दिलं, दुकानाच्या फळ्या लावल्या आणि म्हणाला, "चल. डाक्टरला तूच सांग. मी नवरा हाय, माजं त्याला खरं वाटनार न्हाई."

डाक्टर दौऱ्यावरून नुकता आला होता. बाह्या दुमडलेल्या, डोळे लाल. मी म्हणालो, साब, आमच्या वैनीला पटकी नाही. त्यानं वर बघितलंच नाही. अण्णानं माझ्या पाठीत बोट टोचलं. मला दुसरं काही सुचेना. कमरेचं गाठोडं सोडून खिळे त्याच्या टेबलावर ओतले.

"ये क्या है?"

"लोखंड होतं साब. लिंबाच्या रसात बुडवलं. मला वाटलं, कीमिया आहे."

त्यानं एक खिळा उचलून कंदिलाशी धरला. "बर्तन कायका था?"

"पितळेचं."

"कल्हई?"

"मी घासून काढली."

शिशी आश्रुबानं परत आणली होती. डाक्टरनं आपला चाकू काढला, पातं पुसलं आणि आत सोडलं. मग एका पेशंटकडं निघून गेला. अण्णा आणि मी त्या चाकूकडं बघत उभे. काहीच होईना. आज तांबडं झालं नाही तर वैनी तिथंच राहतील, असं मनात आलं, आणि ज्या गोष्टीसाठी दोन दिवस आनंदानं नाचत होतो तीच व्हावी म्हणून आता हात जोडत होतो.

तो आला. पातं काढलं. टोकाकडून तांबडं.

"कीमिया नहीं मियाँ, तेरे बर्तन का तांबा है. रस में घुल्या, लोहे पे चढ्या. वही उस औरत के पेट में गया." आवाज चढवला नाही. "कितनों को पिलाया?"

बाजारात वाटलेली बोळकी मी मोजलीच नव्हती. त्यानं चाकू धुऊन ठेवला आणि वैनींना आजाऱ्यांतून हलवायला सांगितलं, लांब कडूलिंबाच्या झाडाखालच्या वेगळ्या खोपीत. प्यायला उकळलेलं पाणी, पूजेला घरचं.

अण्णानं विचारलं, "घरी कव्हा न्यायचं?"

"अभी नक्को. बीमारों में सोई है वो. अब असल बीमारी लगी क्या, देखना पडेगा."

परत येताना अण्णा एवढंच म्हणाला, "जे झालं नव्हतं ते आता व्हतंय का बगायचं."

ज्येष्ठ पौर्णिमा, मंगळवार.

डाक्टरनं मला तुकडीबरोबर जोडून दिलं आहे. आश्रुबा हलगी वाजवतो आणि मी ओरडतो : भुजंगाचा घोट प्यालेल्यांनी ऐका, त्यात पितळ उतरलंय, त्यानं पटकी थांबत नाही, सुई टोचून घ्या. आळी-आळीत. पोरं मागं येतात. दगडाबाईनं शेणाचा गोळा मारला. मग तीच हात पुढं करून सुईच्या रांगेत उभी राहिली.

रोज सकाळी पूजेचं पाणी घेऊन दोराशी जातो, आश्रुबा आत नेतो. वैनी दूध पिळून मातीत टाकतात. पाठमोऱ्या बसतात, पण कळतं. बसवंत आता शेळीचं थोडं ठेवून घेतो.

आज त्यांनी लांबूनच विचारलं, "तू आजून सोनपेठातच हाईस? मला वाटलं पळाला असशील."

"न्हाई वैनी."

"जुलाब न्हाई, ताप न्हाई मला," त्या म्हणाल्या. "अव्वाला सांग. सकाळी पोटात कळ आली व्हती तेवढी सांगू नको."

मी घरी येऊन पहिलं सांगितलं, दुसरं सांगितलं नाही. अव्वा माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि उठून देवळीतला दिवा लावला.

ज्येष्ठ वद्य २, गुरुवार.

वही उघडली आणि मिटली. सकाळी वैनी खोपीच्या बाहेर दिसल्या नाहीत. दुपारी दिसल्या. एवढंच.

ज्येष्ठ वद्य ८, बुधवार.

वैनी घरी आल्या.

चालत आल्या. वाळल्या आहेत, पण चालत आल्या. परड्यात आंघोळ केली, पूजा केली, मग बसवंतला घेतलं. त्यानं आधी ओळखलंच नाही, तोंड फिरवलं. मग पदराला झोंबला. अण्णा दुकानात जाऊन रिकामा तराजू पुसत बसला.

मी माझं गाठोडं बांधून ठेवलं होतं. रस्ते उघडलेत. निरोप घ्यायला आत गेलो तर अव्वा दगडी खलात अद्रक कुटत होती. लिंबू पिळलं, सैंधव घातला. वैनींनी बोळकं पुढं केलं, त्याच संक्रांतीच्या बोळक्यांतलं. अव्वानं भरलं. मला वाटलं, त्या पितील.

त्यांनी ते माझ्यापुढं ठेवलं.

"बस, भुजंगा."

 अण्णा दारात येऊन उभा राहिला. अव्वाचा बत्ता खलातच राहिला.

"माझं तोंड…" मी म्हणालो आणि पुढचं गिळलं.

प्यालो. घशापासून बेंबीपर्यंत जाळ गेला. डोळ्यांतून पाणी आलं, उचकी लागली, एकामागून एक. कुणी हसलं नाही. वैनी माझ्याकडं बघत बसल्या. बसवंताचं पिऊन झालं, त्यानं ढेकर दिली, त्याला खांद्यावरून उतरवून मांडीवर निजवलं, तरी बघतच होत्या. माझी उचकी थांबेपर्यंत.

मग माझ्याच हातातलं बोळकं घेतलं आणि अव्वापुढं धरलं. "भरा आता मला."

गाठोडं अजून दाराशी आहे. चांदभाई वेशीबाहेर येऊन बसलाय म्हणतात, कुठून तरी कथील मिळालंय त्याला. ते तपेलं डोक्यावर घेऊन तिथवर कुणीतरी जायला पाहिजे.